पाटीवर एक, ओठांवर एक

३ फेब्रुवारी
डोळे पुन्हा पेटले. स्टुडिओतले दिवे तोंडावर चुलीसारखे, त्यात पापणी लववायची नाही असा दिग्दर्शकांचा हुकूम. "छान रडतेस गं," म्हणाले. रडत कोण होतं? डोळे वाहत होते.

५ फेब्रुवारी
गुपचूप डॉक्टरांकडे जाऊन आले. डावा डोळा अधू झालाय. सहा महिने दिव्यांसमोर उभं राहायचं नाही, नाहीतर तो जाईल, म्हणाले.

आईला काय सांगू? भाजीवाल्यालाही ऐकवते — माझी धाकटी पडद्यावर झळकते! तिचं तेवढंच एक सुख. नाही सांगणार.

९ फेब्रुवारी
शेवटचा प्रसंग उरकला. मी मरते.

मूकपटाचं एक बरं. तोंडाने काहीही बडबडा, प्रेक्षकांना पाटीवर छापलेलंच कळतं. परवा नायक माझा हात धरून दाढदुखीची रडगाणी गात होता. पडद्यावर ते प्रेम दिसेल. आज मरता मरता मीही मनातलं ओकून टाकलं — "डाव्या डोळ्याने दिसत नाही हो मला. आईला सांगू नका." नायकाला वाटलं, नेहमीची थाप. हसू दाबताना त्याचे खांदे गदगदले. दिग्दर्शक खूश — "काय रडलास!"

२ एप्रिल
चित्रपट लागला. आई आणि ताई दुपारच्या खेळाला गेल्या. मी भांडी विसळत होते, आणि हातातला पेला तसाच राहिला.

ताई!

सातव्या वर्षी तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ओठ वाचते. घरात तिच्यासमोर कुजबुजायचीही सोय नाही. हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? अक्कल गहाण टाकली होती की काय.

संध्याकाळी
पाटीवर म्हणे 'प्राणनाथ, सुखी राहा' होतं. ताईने आईला वाटेतच सगळं सांगितलं.

आईने चपलाही काढल्या नाहीत. उजवा डोळा झाकला माझा, समोर बोटं धरली. "किती?" मी अंदाजाने म्हटलं, दोन. चार होती.

"कौतुक होतं गं मला," म्हणाली, "पण तुझ्या डोळ्यापेक्षा जास्त आहे का ते?" मग मी रडले. खरं रडले. छातीवरचा धोंडा उतरला.

३ एप्रिल
आई स्वतः स्टुडिओत गेली. एवढं पुढचं एक चित्र होऊ द्या, दिग्दर्शक म्हणाले. "मग तुम्हीच उभे राहा त्या दिव्यांसमोर," आई म्हणाली. सुटले! दोन वर्षं, चार चित्रं, संपलं. दुपारभर गाढ झोपले.

११ एप्रिल
हे अक्षर ताईचं. औषध घालून माझ्या दोन्ही डोळ्यांवर आठ दिवस पट्टी बांधलीय. मी ओठ हलवते, ती लिहिते. डोळा वाचला, डॉक्टर म्हणाले.

आता मी, ताई. ती झोपलीय. मागची पानं वाचली मी. एक गोष्ट लिहायची राहिलीय तिच्याकडून. पडद्यावर मरताना तिचा शेवटचा शब्द 'ताई' होता.