घड्याळजीचा प्रसंग

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. आईचे सांधे दुखतात, जेवण मात्र व्यवस्थित आहे. माझं शिवणकाम आता शाळेच्या गणवेशांपुरतं उरलंय. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहतो आहेस.

तुझ्या जुन्या सिनेमाची टीव्हीवर मालिका होणार हे पेपरात वाचलं तेव्हा मी नाक मुरडलं. दोन तासांच्या गोष्टीत पाणी घालून आठ भाग करणार, दुसरं काय. आईला बघायचं होतं म्हणून बसले, हातात काजांचं काम घेऊन. दुसऱ्या भागापासून काम मांडीवरच पडून राहायला लागलं. चांगली केलीय रे. कुणी उगाच रडत नाही. नायिकेकडे तीनच कपडे आहेत आणि तेच ती धुऊन धुऊन घालते. सिनेमाचा कपडेपट माझ्याकडे होता, म्हणून असेल, मला हे फार आवडलं.

काल पाचवा भाग झाला. त्यात घड्याळजी आहे. मुलगी घर सोडून निघते आणि तो डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणतो, "जा. दार लोटून घे, धूळ येते."

आई म्हणाली, "हे तर ह्यांचं वाक्य."

ते कुठल्याच कागदावर नव्हतं. तुझ्या सिनेमात घड्याळजी बाबांनी केला होता; शूटिंगच्या वेळी ते आपल्या मनानं बोलले होते, आणि तो प्रसंग सिनेमात आलाच नाही. म्हणजे मालिकावाल्यांना तूच सांगितलं असणार.

पहिल्या खेळाला बाबांनी दुकान बंद ठेवून सगळ्या नातेवाइकांना नेलं होतं. दिवे लागले तरी ते पडद्याकडेच बघत होते. बाहेर तू म्हणालास, "लांबी वाढत होती, बाबा." आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुला बापाची लाज वाटली."

प्रसंग का कापला, ते खरं मला माहीत होतं. बाबांचा चौकड्यांचा कोट मी इस्त्रीखाली जाळला होता आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्यांना साधा घातला. प्रसंगाच्या मधेच कोट बदलत होता. तू दोन्ही दिवसांचे फोटो माझ्यापुढे ठेवलेस तोवर सेट मोडला होता, पुन्हा शूटिंग होणार नव्हतं. मी रडले. तू एवढंच म्हणालास, "बाबांपाशी बोलू नकोस. त्यांना वाटेल, तू मुद्दाम केलंस."

मी बोलले नाही. बाबा गेल्यावर मी ते लाजेचं पुन्हा ऐकवलं, तेव्हाही तू कोटाचं नाव काढलं नाहीस. मग तुझं येणंच थांबलं.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली. "त्यांना सांगितलं असतंस तर हसले असते," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "त्याला लिही. लगेच ये म्हणू नकोस. आधी चुकलं म्हण."

चुकलं, दादा.

तुझी,
धाकटी