राहते घर

प्रिय बारके,

मी, गावात मिस्त्री म्हणून ओळखला जाणारा, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय गवंडीकाम, शिक्षण चौथी पास, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या घराचा मालक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भरीस न पडता हे पत्र लिहीत आहे. लेकीला पत्र लिहायला एवढा थाट कशाला, असे जावईबापू म्हणतील. म्हणू देत. काही गोष्टी ताठ बसूनच लिहायच्या असतात.

जिल्ह्यातले मधले घर काय कमावते याचा दरवर्षी अंदाज काढणे हे तुझे काम. ते मला समजावे म्हणून मागे तू आम्हां सर्वांना ओसरीवर उंचीप्रमाणे उभे केले होतेस. आधी नातू, मग नात, मग शेजारची शिंपीणबाई, मग मी आणि शेवटी जावईबापू. मध्ये आली शिंपीणबाई. तू जावईबापूंना स्टुलावर चढवलेस, तरी मध्ये तीच. श्रीमंत कितीही फुगला तरी मधला हलत नाही, हे मला फार आवडले. तेवढ्यात दोन्ही पोरे मांजरामागे पळाली आणि मध्ये आलो मी. "बाबा, अभिनंदन! मधली उंची वाढली," असे तू म्हणालीस. आपण पोट धरून हसलो. वाढले कोणीच नव्हते. बुटके तेवढे गेले होते.

आता इकडची हकीकत. खाण बंद पडली हे तुला ठाऊक आहे. खाणीवर पोट असणारी घरे एकेक करून उठली. ज्यांच्यापाशी काहीच नव्हते, ते आधी गेले. मी रचलेल्या भिंती जागच्या जागी आहेत, दारांना मात्र कुलपे आहेत. अशात गावसभेत एक साहेब आले आणि जिल्ह्याचे मधले उत्पन्न वाढल्याची बातमी त्यांनी पेढे वाटल्यासारखी सांगितली. आपला जिल्हा सरकारी मदतीच्या मर्यादेच्या वर गेला, म्हणून इस्पितळाची बस पुढल्या वर्षीपासून बंद. शिंपीणबाई त्याच बसने रक्त शुद्ध करून घ्यायला जाते. ती उभी राहून म्हणाली, "माझं उत्पन्न वाढलं म्हणता, तर ते कुठं ठेवलंय तेवढं सांगा, साहेब. मी घरभर शोधते." सभा हसली. ती हसली नाही.

मी तुला जाब विचारला, तेव्हा तू उत्तर पाठवलेस की आकडा खरा आहे. ते मला मान्य आहे. तू खोटे लिहिणार नाहीस. घरे उठून गेल्यामुळे आकडा वर गेला अशी टीप तू खाली जोडली होतीस आणि छापताना ती गाळली गेली, हेही तू कळवलेस. मला अभिमान वाटला. परंतु त्याच पत्रात पुढे तू लिहिलेस, "बाबा, आता तिथे राहिलंय कोण? रविवारी गाडी पाठवते." बारके, गाळलेल्या टिपेबद्दल दोन ओळी आणि माझे सामान कसे बांधावे याबद्दल दोन पाने! माझा गुडघा दुखतो, भाकरी करपते, रात्री खोकला येतो, हे सर्व खरे. त्यावरून मी मोडीत निघालो असे होत नाही.

परवा तुमच्या कचेरीचा मोजणीदार गावात आला. आमच्या आळीत फिरला आणि माझे दार ओलांडून पुढे निघाला. मी हाक मारली, तर म्हणतो कसा, "आजोबा, हे घर बंद आहे." मी उंबऱ्यात उभा, आणि घर बंद! कोणी सांगितले, असे विचारले. बिचारा ओशाळला. म्हणाला, "मुलीनं कळवलंय." मला लागले. तू मायेपोटी केलेस हे जाणतो, तरीही लागले. त्याला घरात बसवून, पाणी देऊन, ते खोडायला लावले आणि लिहवून घेतले: राहते घर, माणूस एक, चूल स्वतंत्र, उत्पन्न कमी. एका घराने काय फरक पडतो, असे तू म्हणशील. उठून गेलेल्या प्रत्येकाला कोणीतरी हेच म्हणाले असेल. मी कमी कमावतो. पण मी आहे, आणि मला धरूनच मध्य काढावा लागेल. म्हणून हे पत्र. रविवारी गाडी रिकामी पाठवू नकोस, त्यात तू बस. सोमवारी पुन्हा गावसभा आहे. साहेबांसमोर ती टीप तूच वाच. नोकरीला धक्का लागेल, हे मला कळते. लागला, तर बापाचे घर उघडे आहे.

तुझाच,
बाबा

समक्ष हजर: शिंपीणबाई, सही केली. बसचा ड्रायव्हर, सही केली. मोजणीदार, अजून गावातच मुक्कामाला आहे, सही करण्यास नियमाची आडकाठी आहे म्हणाला, परंतु "हजर होतो, असं बिनधास्त लिहा" असे स्वतःहून सांगितले, म्हणून लिहिले.