दुसऱ्याचा विस्तव

४ नोव्हेंबर, सोमवार

काल मी डॉन रोहेलियोंच्या विस्तवाला हात लावला. सगळ्या टेबलासमोर.

लिहितानाही कान तापतायत. माणसाच्या घोड्याला, फुटबॉलच्या संघाला नावं ठेवली तर भांडण होतं आणि मिटतं. त्याच्या मांस शेकायच्या जाळीखालचे निखारे ढवळले तर मिटत नाही. हे मला दुधाच्या दातांपासून ठाऊक आहे. तरी खोरं उचललं आणि म्हणालो, "विझत चाललाय." का? तर त्यांची मुलगी बघत होती. मिकाएला बघत असली की माझ्या हातांना स्वतःची अक्कल राहत नाही.

डॉन रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला, खुर्ची ओढली, वाइनमध्ये सोडा घातला. "मग कर तू."

मी लाकडं रचली. चरबी ठिबकली, जाळ उठला, बरगड्यांचा कोळसा झाला. शेकणाऱ्यासाठी टाळ्या वाजल्या नाहीत असा रविवार मी आजवर पाहिला नव्हता. मिकाएलाने ताटातला तुकडा कुत्र्याला टाकला. त्याने हुंगला आणि सावलीत जाऊन झोपला.

६ नोव्हेंबर

बेकरीत गेलो. गल्ल्यावर मिकाएला. "अजून काही?" — कुणालाही विचारते तसं. अर्धा किलो पाव घेऊन आलो. घरात पाव होता.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आईने येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा पेला पुढे केला आणि सुरू झाली. "ला प्लाताला गुरांचा डॉक्टर व्हायला पाठवलं. सर 'थांब' म्हणाले, तेवढ्यावरून तू परीक्षेतून उठून घरी आलास. आता म्हाताऱ्याची जाळी बिघडवलीस. पुढे काय, चर्चची घंटा?" राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

संध्याकाळी डॉनच्या टायरच्या दुकानात जाऊन माफी मागितली. ते ट्यूबचं पंक्चर पाण्यात शोधत होते. मान वर केली नाही.

"तोंडाने माफी कुणीही मागतं, पोरा. सतराला ये. विस्तव तू लाव. जमलं, तर दर रविवारी माझ्या टेबलाशी तुझी खुर्ची. नाही जमलं, तर फुटपाथवरून हात हलवायचा आणि पुढे चालायचं."

दर रविवारी. मिकाएलासमोर. परतताना सायकल हवेतून चालली होती, शपथ!

१२ नोव्हेंबर

परसात सराव. अर्ध्या तासात तीन वेळा मांस उलटलं. आईने सुरी घातली. "वरून करपलेलं, आत रक्त. अगदी तुझ्यावर गेलंय."

जाळीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

१४ नोव्हेंबर

आज मांसच आणलं नाही. नुसती एस्पिनियोची लाकडं पेटवली आणि समोर बसलो. जाळ असतो तोवर काही करायचं नसतं. एवढंच जमत नव्हतं मला. ज्वाळा बसल्या, लाकूड आपोआप फुटून निखारे झाले, वर राखेची साय धरली. तळहात धरून बघितला — हळूहळू चटका. शेजारचा इबार्रा भिंतीवरून डोकावला. "काय शिजतंय?"

"काही नाही."

"मग वास छान आहे."

१७ नोव्हेंबर, रविवार

हातांना अजून धुराचा वास येतोय. धुणार नाही.

लवकर गेलो. जाळ एका कडेला, जाळी दुसरीकडे, खोऱ्याने थोडे थोडे निखारे आणायचे. बरगड्या हाडाच्या बाजूने खाली. मीठ. बस. मिकाएलाचा मामा दर दहा मिनिटांनी येई. "फाकुंदो, आज जेवायचंय की नाताळला?" मी हसलो. दात आवळून, पण हसलो.

डॉन हात पाठीमागे बांधून जाळीभोवती फिरत होते. एक फेरी. दुसरी. मग हात सुटला आणि खोऱ्याकडे गेला.

माझं डोकं सणकलं. चार गोष्टी जिभेवर आल्या, चारही शिव्या. गिळल्या. हळू म्हणालो, "डॉन, विस्तव माझा आहे."

मामाने पेला अधांतरी धरलेला. आतून मिकाएलाच्या आईचा, दोन्या नेलिदांचा आवाज आला. "अहो, बसा आता. लग्नापासून हे वाक्य मला म्हणायचं होतं, पोराने आयतं म्हटलं."

डॉन बसले. गालात हसत होते बहुतेक, मिशीमुळे कळत नाही.

आधी सॉसेज वाढली, मग बरगड्या. मी उभ्याउभ्याच, सगळ्यांच्या शेवटी, पावात कोंबून खाल्लं. डॉनने पहिला घास खूप वेळ चावला. गाय पुन्हा जिवंत होईल इतका वेळ! मग काटा ठेवला आणि म्हणाले, "शेकणाऱ्यासाठी टाळ्या."

वाजल्या! मामा तर टेबलच बडवत होता. "पुढच्या रविवारपासून ही खुर्ची तुझी," डॉन म्हणाले.

मिकाएला तेवढी टाळ्या न वाजवता ताटं उचलत होती.

१८ नोव्हेंबर

बेकरीत गेलो, छाती काढून. "बाबा हो म्हणाले."

"मग बाबांना फिरायला ने," मिकाएला म्हणाली. "दोन आठवडे त्यांच्या मागे आहेस. मामा झाला, आई झाली, कुत्रासुद्धा खूश झाला. मला काही विचारलंस?"

मागे रांगेत दोन बायका. दोघी पाव विसरून ऐकत होत्या. मी दार आपटून बाहेर पडलो. चौकापर्यंत गेलो. सणक होती तोवर बाकावर बसून राहिलो, काहीच केलं नाही. मग परत गेलो. बायका तिथेच होत्या.

त्यांच्यासमोरच विचारलं, "माझ्याबरोबर फिरायला येशील?"

"बघू," म्हणाली. "रविवारी सांगते."

२४ नोव्हेंबर, रविवार

विस्तव मिकाएलाने लावला. डॉन आणि मी शेजारी शेजारी बसून टोमॅटो चिरतोय. लाकूड जरा ओलं आहे. दोघांनाही दिसतंय, खोऱ्याला हात कुणी लावत नाही. आत्ताच येऊन माझ्या कपाळाला तिने काळा अंगठा टेकवला आणि म्हणाली, "हो. आता इथेच बस."