शाळेत मामा म्हणायचं

बाबा, आज शाळेत नव्या वर्षाची पालकसभा झाली आणि मी पुन्हा तुमची गोष्ट सांगितली. दर जूनमध्ये सांगते. आठवीत नव्यानं आलेल्या मुलींचे आईवडील समोर बसलेले असतात. कुणी हदगावच्या बाजारातून पिशव्यांसकट थेट आलेले, कुणी एसटी चुकल्यामुळं घामाघूम. हायस्कूल म्हणजे आता पोरीला काय काय लागणार, ही धास्ती सगळ्यांच्या तोंडावर सारखीच. मग मी सांगते, की माझे वडील माझ्याच शाळेत शिपाई होते आणि शाळेत त्यांना बाबा म्हणायचं नाही, इतर मुलींसारखं मामाच म्हणायचं, असा त्यांचा कडक नियम होता. पालक आधी हसतात, मग टाळ्या वाजवतात. आज एका आईनं माझा हात धरून म्हटलं, "म्याडम, बाप असावा तर आसा." मी हसून मान डोलावली. सगळे गेल्यावर ऑफिसात येऊन बसले आणि हे लिहायला घेतलं. पुढच्या वर्षी मी रिटायर होते. म्हणजे ही गोष्ट सांगायची आता एकच पाळी उरली आहे, आणि तीही अशी अर्धीच सांगायची का, या विचारानं सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

उरलेली अर्धी तुम्हाला सांगायची तर तुम्ही म्हणाल, मला काय सांगतीस, मी तिथंच होतो की. होतात. म्हणूनच तर कधी बोलता आलं नाही.

लातूर वेगळा जिल्हा होऊन वर्षही भरलं नव्हतं. गावात जो तो नव्या जिल्ह्याच्या गोष्टी करायचा. अमक्याचं हापीस येणार, तमक्याच्या पोराला नोकरी लागणार. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्याचा, म्हणजे नाहीच. जून निम्मा सरला तरी दोन कोसांवर येणाऱ्या टँकरवरच दिवस काढायचे. आई पहाटे रोजगार हमीच्या खडीवर जायची आणि तुम्ही मुलींच्या प्रशालेत. रोजंदारीवर होतात तुम्ही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद की तुमची हजेरी बंद. नवा जिल्हा झाल्यावर एवढंच एक आपल्या घरात शिरलं होतं, की कायम करायच्या लोकांची यादी होणार आहे आणि हेडमास्तरांनी तुमचं नाव त्यात घातलंय. आई तर त्या यादीबद्दल दार लावून, हळू आवाजात बोलायची, नाव मोठ्यानं घेतलं तर कुणाची दृष्ट लागेल म्हणून.

त्याच जूनमध्ये मी तुमच्या शाळेत आठवीत आले. आपल्या वस्तीतली त्या वर्गात मी एकटीच, बाकीच्या सातवीनंतर घरी बसल्या. पहिल्या दिवशी फाटकाबाहेर थांबवून तुम्ही म्हणालात, "हे बग माय, आत गेल्यावर मी तुजा बाप न्हाई. सगळ्या पोरी मामा म्हनत्यात, तू बी मामाच म्हन. उद्या कुनी म्हनाया नको, शिपायानं आपल्या पोरीचं चांगलं करून घेतलं." इथपर्यंत मी सभेत सांगते. पुढचं सांगत नाही. पुढचं हे, की मला हायसं वाटलं. माझ्या बाकावर एक खेडेगावची मुलगी बसायची. मोठ्या शेतकऱ्याची लेक, दोन वेण्यांना खऱ्या रेशमी फिती. तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "तुजे वडील काय करत्यात?" आणि मी म्हणून गेले, नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात असतात. आईच्या भावाबरोबर एकदा नांदेडला गेले होते तेव्हा त्या ऑफिसातून बाहेर पडणारी इस्त्रीच्या कपड्यातली माणसं पाहिली होती. त्यातलाच एक मी माझा बाप करून टाकला. तुम्ही तेव्हा आमच्या वर्गाबाहेर रांजणात पाणी ओतत होतात. ऐकू गेलं का, हे मला आजवर कळलेलं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं. तुम्ही वर्गात नोटीस घेऊन आलात की मी वहीत तोंड खुपसायची. डब्याच्या सुट्टीत माझ्या बाकावरच्या त्या मैत्रिणीला तुम्ही पेला भरून द्यायचात आणि ती म्हणायची, "हे मामा लई चांगले हायत गं." मी म्हणायची, "हो, चांगले आहेत."

मग पालकांची सभा ठरली. नव्या जिल्ह्यातून साहेब येणार होते, त्यांच्याजवळ ती यादी होती. आमच्या हेडमास्तरांची एक रीत होती. दरवर्षी नव्या मुलींनी आपल्या पालकांना सर्वांसमोर फूल द्यायचं आणि म्हणायचं, "हे माझे वडील" किंवा "ही माझी आई", आणि मग पालकानं आपलं नाव सांगायचं. त्या वर्षी फुलं कुठली? मास्तर म्हणाले, पाणी द्या. यंदा फुलापेक्षा पेलाभर पाण्याला जास्त किंमत आहे. ते पाणी तुम्ही आणणार आणि तुम्ही भरणार, हेही त्यांना ठाऊक होतंच. आपल्या हातचं पाणी न पिणारी घरं गावात काही कमी नव्हती, पण पोटच्या पोरीनं चारचौघांत पुढं केलेला पेला कोण नाकारणार? मास्तर सरळ दिसायचे, तेवढे सरळ नव्हते ते.

सभेच्या सकाळी तुम्ही पांढरा सदरा घातलात. आदल्या दिवशी अर्ध्या बादलीत धुतलेला, कॉलरजवळ आईनं रफू केलेला. आणि म्हणालात, "आज धा मिन्टं मी पालकाच्या बाकावर बसनार हाय. मास्तरला इचारलंय. तुजी आई खडीवर हाय, मंग तुज्यासाठी कुनी तर पायजे न्हवं? आज तू मला बाबा म्हन." असं म्हणताना तुम्ही लाजला होतात, बाबा. मी तुम्हाला लाजताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी म्हणाले, "कशाला? तुमची ड्यूटी हाय की." तुम्ही म्हणालात, "ड्यूटी रोजच हाय."

पत्र्याच्या शेडखाली वर्गातली बाकं मांडलेली आहेत. साहेब खुर्चीवर, त्यांच्या मांडीवर फाईल. तुम्ही घागरीजवळ उभे राहून पेले भरताय आणि हजेरीप्रमाणं एकेक नाव पुकारलं जातंय. माझ्या मैत्रिणीचं नाव येतं. ती पेला नेते, तिचे वडील फेटा सावरतात, पेल्याकडं बघतात, मग घागरीकडं, मग तुमच्याकडं. ते दोन घोट पितात आणि आपलं नाव सांगतात. मास्तरांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसतं. आता मधे पाच नावं, मग मी. तुम्ही घागर खाली ठेवता, हात पुसता आणि पालकांच्या बाकावर अगदी कडेला जाऊन बसता, त्या फेटेवाल्यांच्या शेजारी. ते थोडं सरकतात. तुम्ही हात गुडघ्यांवर ठेवता, फोटो काढताना ठेवतात तसे.

माझं नाव पुकारलं. मी पेला घेतला. बाकापर्यंत दहा पावलं असतील. मैत्रीण माझ्याकडं बघत होती, तिला रेल्वेतला बाप बघायचा होता. तुम्ही हात पुढं केलात. आणि मी तुमच्यासमोर उभी राहून, शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाले, "माझे वडील नांदेडला असतात. ते येऊ शकले नाहीत."

पेला माझ्या हातून कलंडला, निम्मं पाणी तुमच्या सदऱ्यावर गेलं. साहेबांनी मान वर केली. "मग हा कोण? शिपाई ना तू? पालकांच्या बाकावर काय करतोस?" मास्तर उठले, बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तुम्ही उभे राहिलात. "चुकलं सायेब. बाक मोकळा दिसला, जरा टेकलो व्हतो. पहाटंपासून पानी वाहायलोय." लोक हसले. माझी मैत्रीणही हसली. साहेब मास्तरांना म्हणाले, "यालाच कायम करा म्हणताय होय?" आणि फाईलवर पेनानं काहीतरी केलं. तुम्ही पुन्हा घागरीजवळ गेलात आणि पुढच्या मुलीचा पेला भरलात. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

सभा संपल्यावर मास्तरांनी मला व्हरांड्यात गाठलं. चिडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू बोलले. "साहेब आत चहा घेतायत. यादीवर अजून सही व्हायचीय. मी बोललो तर आपल्या माणसाची बाजू घेतो म्हणतील. तू जा. एकच वाक्य सांग, ते माझे वडील आहेत, मी खोटं बोलले. जा, लवकर." मी गेले. ऑफिसच्या दारात तुम्ही किटली घेऊन उभे होतात. आपण एकमेकांकडं पाहिलं. मैत्रीण मागं फाटकाशी तिच्या वडिलांबरोबर थांबली होती, तिथून सगळं ऐकू जात होतं. मी म्हणाले, "मामा, सुट्टी झाली का?" तुम्ही म्हणालात, "हाव. झाली. जा घरी."

संध्याकाळी तुम्ही मला एकच गोष्ट बोललात. "पानी सांडायला नको व्हतं. आई दोन कोस चालती पान्यासाटी." बास. मी भाकरी तशीच ठेवून उठले, तर तुम्ही माझं ताट झाकून ठेवलंत.

तुमचं नाव त्या यादीतून गेलं. पुढं पाच वर्षं लागलं नाही. सुट्टी लागली की तुम्हीही आईबरोबर खडी फोडायला जायचात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात दगडाचा कपरा उजव्या डोळ्यात गेला. त्यानंतर तुम्हाला घड्याळाचे काटे नीट दिसायचे नाहीत. घंटा कधी लवकर व्हायची, कधी उशिरा, आणि पोरी हसायच्या. मी दहावीत होते. मी हसले नाही, पण हसणाऱ्या एकीलाही गप्प केलं नाही. आज माझ्या शाळेत शिपाई घंटा द्यायला पाच मिनिटं चुकला तर मी त्याला काही बोलत नाही. शिक्षक म्हणतात, म्याडम फार सौम्य आहेत. यांना काय माहीत!

मला तुमचा राग यायचा, हेही लिहून टाकते. एक थोबाडीत मारली असतीत तर फिटलं असतं. तुम्ही मारली नाहीत, आईला सांगितलं नाहीत, शेवटच्या आजारात लातूरच्या दवाखान्यात तीन आठवडे मी उशाशी होते, तेव्हाही विषय काढला नाहीत. उलट नर्सला सांगत होतात, "माजी पोरगी हायस्कुलात शिकविती." मीही काढला नाही. रोज ठरवायची, आज बोलायचं, आणि मोसंबी सोलत बसायची.

मास्तर तुमच्या मातीला आले होते. तेव्हाच ते खूप थकले होते. स्मशानातून परतताना मला म्हणाले, "असा माणूस मी पाहिला नाही. स्वतःची नोकरी जात असताना पोरीची लाज राखली." कारण त्या दिवशी व्हरांड्यात परत जाऊन मी त्यांना सांगितलं होतं, की सर, मी आत निघाले होते, पण बाबांनी मान हलवली, नको म्हणाले. मास्तरांनी ते मरेपर्यंत खरं मानलं. नवऱ्याला आणि मुलांनाही मी तेच सांगितलं. इतक्यांदा सांगितलं, की मधली काही वर्षं माझा स्वतःचाही विश्वास बसला होता.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, पुढच्या सभेत वाचायचंही नाही. तेवढं धैर्य अजून नाही. मुलं विचारतील म्हणून घरी ठेवणार नाही, फाडणार आहे. पण निदान एकदा तरी हातानं लिहायचं होतं. बाबा, तुम्ही मान हलवली नव्हती. मला येताना पाहून तुम्ही किटली दुसऱ्या हातात घेतलीत, दाराचा पडदा बाजूला धरलात, आणि मला आत जायला वाट करून दिलीत.