मुदत पुरी होईपर्यंत

नाना, तुमच्या फोटोला घातलेला चंदनाचा हार सुटत चालला आहे आणि परवा सकाळी, शेअर बाजार उघडायच्या मुहूर्तावर, त्याचा एक पापुद्रा थेट माझ्या चहात पडला. ही बाब मी अत्यंत गांभीर्याने आपल्या निदर्शनास आणून देत आहे. मोबाइलवर माझे फंड लालेलाल, कपात चंदन, आणि वर भिंतीवर तुमचा तोच चेहरा: पोरगं मूर्ख निघणार हे आधीच ठाऊक असल्यासारखा.

तुम्ही नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात. दिवसभर कोऱ्या करकरीत नोटांच्या थप्प्या हाताखालून जायच्या आणि सुटताना गेटवर झडती. ती पद्धत तुम्ही घरी आणलीत. मी साखर घेऊन आलो की दारातच उभा करून चड्डीचे दोन्ही खिसे उलटे करायचात. आईची भाजीची पिशवी तर कोथिंबिरीच्या जुडीसकट झटकली जायची. सापडेल ते मुदत ठेवीत. शेजारीपाजारी तुम्हाला दूरदृष्टीचे म्हणायचे. खरंच होतं ते. दूरचं तुम्हाला छान दिसायचं.

आईला पित्ताचे खडे निघाले ती संध्याकाळ. ती ओटा धरून उभी आहे, तव्यावर पोळी करपतेय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. तुम्ही बूट सोडता सोडता म्हणता, "ठेव मोडली तर व्याज बुडतं. सातच महिने राहिलेत. खडे काय पळून जातायत?" ती म्हणते, "नाही जात," आणि पोळी उलटते. ते सात महिने तिने पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून तुमचे डबे भरले. मुदत पुरी झाली, ऑपरेशन झालं, आणि पुढे येईल त्या पाहुण्याला तुम्ही सांगत राहिलात, "कठीण काळात मी धीर सोडला नाही." नाना, धीर तुमच्याकडे होताच कुठे? तो तिच्या पोटात होता, खड्यांच्या शेजारी. तुमच्याकडे ठेवीची पावती होती.

तुमच्या या किश्श्यावर मी बऱ्याच मैफिलींत हशे मिळवलेत. आता मोबाइलवर कोट घातलेली पोरं हेच शिकवतात, पडत्या बाजारात धीर धरा. आणि त्यांना मी पैसे देऊन ऐकतो.

परवाच दुपारी आईला गंगापूर रोडला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही गुडघे बदलायचे, आणि उशीर नको, म्हणाले. परतताना रिक्षात मी म्हटलं, "आई, बाजार जरा सावरू दे. आत्ता विकलं तर तोट्यात जाईल. दिवाळीनंतर करू."

"कर की तुझ्या सवडीने. गुडघे काय पळून जातायत?" ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर माझ्याकडे बघून हसली. "अगदी नानांवर गेलास रे. फक्त त्यांना निदान व्याज तरी मिळायचं."

रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. घराशी उतरलो तर बाजार बघून बघून माझ्या मोबाइलची बॅटरी संपलेली, आणि खिशात रोख काही नाही. आईनेच बटव्यातून शंभराची नोट काढली. तुमच्याच हाताखालून गेल्यासारखी कोरी होती.

आज सकाळी फंड विकायला टाकले. चांगल्या सणसणीत तोट्यात. ऑपरेशनची तारीख सोमवारची मिळाली आहे. बटण दाबताना तीनदा बोट मागे घेतलं ते आईच्या काळजीने नव्हे. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. तुम्हाला लगेच कळेल. पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होतो, पण तिथे पाल राहते, आणि तिला वाचून दाखवण्यासारखं यात काही नाही. तेव्हा राहू दे माझ्याकडेच.

दुपारी आई झोपली होती, बटवा उशाशी. मी हळूच शंभराची नोट आत सरकवली. आपल्या घरात कुणाच्या पिशवीत हात घालून पैसे ठेवण्याची ही पहिलीच वेळ असावी. खोलीतून बाहेर आलो, तुमच्यासमोर उभा राहिलो आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.