समुद्राकडच्या टोकाला पुरलेलं बाळ

आई, परवा त्या गावातून फोन आला. माझ्या बाळंतपणासाठी तू कॅनडात आली होतीस, त्या किनाऱ्यावरच्या लहानशा गावातून. आपल्या म्हाताऱ्या घरमालकिणीची मुलगी बोलत होती. दर हिवाळ्यात समुद्र दफनभूमीत थोडा थोडा आत येतोय, कडेच्या कबरी आता वर टेकडीवर नेणार आहेत, तुमच्या बाळाचं काय करू, असं तिने विचारलं. मी इथे आयर्लंडमध्ये, शॅनन गावातल्या आमच्या घरात ओट्याशी उभी होते. गॅस बंद केला.

तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्या म्हातारीचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. बाहेर धुकं आहे, मी माशांच्या कारखान्यातून दमून आलेय आणि तुम्ही दोघी समोरासमोर बसून बटाटे किसताय. तो कीस ती फडक्यात घट्ट पिळते, मग त्यावर कोंबडी शिजवलेलं उकळतं पाणी ओतते. तुझ्यासाठी वेगळं भांडं, नुसत्या कांद्याच्या पाण्याचं. चव काही नाही पण पोटाला बरं वाटतं, असं तू म्हणायचीस, आणि मी तिला सांगायचे, आईला फार आवडलं.

एकदा तिने गावाची हकीकत सांगितली, मी ती तुला मराठीत सांगत गेले. तिचे पूर्वज अकेडियन, म्हणजे तिकडे फार पूर्वी वसलेले फ्रेंच शेतकरी. भरतीच्या पाण्याला बांध घालून त्यांनी शेतं केली होती. एक दिवस इंग्रज सैनिकांनी पुरुषांना चर्चमध्ये बोलावून दारं लावून घेतली, मग सगळ्यांना जहाजांत भरून हाकललं आणि घरं जाळली. कुठे नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्या. पुढे काही जण जंगलातून चालत परत आले, तर त्यांच्या शेतांत परकी माणसं नांगरत होती. म्हणून हा खडकाळ किनारा. शेतकऱ्यांचे कोळी झाले. तू किसणं थांबवलंस.

"विचार तिला, मागे पुरलेल्या मुलांचं काय झालं?"

कबरींवरूनही नांगर फिरला, म्हातारी म्हणाली. तेव्हा तू जे सांगितलंस ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. तुमचं गाव धरणात गेलं तेव्हा तुझा तान्हा भाऊ नदीकाठी पुरलेला होता, आणि तुझी आई ट्रकमध्ये चढेना. म्हातारीने तुझा ओला हात बराच वेळ धरून ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझं बाळ पोटातच गेलं. मी शुद्धीवर आले तोवर तुम्ही दोघींनी सगळं उरकलं होतं. तिने आपल्या घराण्याच्या जागेत, समुद्राकडच्या टोकाला, जागा दिली होती. तू माझ्या केसांतून हात फिरवत एवढंच म्हणालीस, "पाणी लांब आहे. मी बघून आलेय."

लांब नव्हतं गं, आई.

परवा फोनवर म्हातारीची मुलगी थांबून राहिली होती. टेकडीवर तिच्या आईच्या कबरीशेजारी ठेवायचं, की आम्ही इकडे घेऊन यायचं? लेक जिन्यावरून खाली आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "यू ग्रँड, मॅम?" म्हणजे, बरी आहेस ना, आई. तिला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, "तुला एक भाऊ होता." ती खाली पायरीवरच बसली. मग उठून फोन घेतला आणि तिच्या त्या आयरिश इंग्रजीत बजावलं, आम्ही येईपर्यंत त्याला हात लावू नका.

त्याला म्हातारीशेजारीच ठेवायचं ठरलंय. मी, तुझा जावई आणि लेक, आम्ही तिघं जातोय.

हे कुणाला पाठवायचं नाहीये. पण बाळाला तू हातात घेतलं होतंस, मी त्याला पाहिलंही नाही. तो कसा दिसत होता, हे तुला विचारायचा धीर मला तू असेपर्यंत झाला नाही. काल लेकीने तेच विचारलं, तेव्हा मी तिला सांगून टाकलं, "अगदी तुझ्यासारखा."