डब्याच्या तळाच्या चिठ्ठ्या

आई,

तुझ्या चिठ्ठ्या सापडल्या. चटणीच्या डब्यात तळाशी घालून तू तुझ्या अक्काला, म्हणजे माझ्या देगलूरच्या मावशीला पाठवायचीस, त्या. प्रत्येकीच्या शेवटी तू लिहिलं आहेस, ‘वाचून चुलीत टाक.’ मावशीनं वाचल्या असतील, पण एकही चुलीत टाकली नाही. ती यंदा उन्हाळ्यात गेली. तिच्या मुलानं घर आवरायला काढलं तेव्हा माळ्यावरून एक जर्मनचा डबा खाली आला आणि त्यात तुझं अक्षर निघालं. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून मी लोकांचा मजकूर तपासला, कापला, वेळेत छापायला सोडला. पण हा डबा घरी आल्यापासून माझी झोप धड नाही. तुला हे सांगायला बसलो आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, जुने कागद ते, त्यात एवढं काय.

झालं असं, की मावसभावाला नांदेडच्या एका संस्थेचा पत्ता लागला. घराघरांतली जुनी पत्रं, कागदपत्रं तिथं जपून ठेवतात, अभ्यास करणाऱ्यांना वाचायला देतात. तिथल्या बाईंचा मला फोन आला. चिठ्ठ्या लिहिणारीचा मुलगा म्हणून माझी परवानगी हवी होती. म्हणाल्या, “सर, बाईनं बाईला लिहिलेलं आमच्याकडं फार कमी येतं. बहुतेक सगळं चुलीत गेलेलं असतं. मावशींची उत्तरं आहेत का?” मी सांगितलं, नाहीत. तू शब्द पाळून तिची उत्तरं चुलीत टाकलीस, मावशीनं पाळला नाही, म्हणून कागदावर तू उरलीस आणि ती गेली. “शुक्रवारी लातूरला येते, तेव्हा सांगा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. लोकांच्या घरातल्या गोष्टी मी त्यांच्या आईला विचारून कधी छापल्या होत्या?

पण त्या चिठ्ठ्यांत आत्या आहे. नायगावच्या सासरहून परत आलेली, आपल्याच घरात राहिलेली तुझी नणंद. ती अजून आहे, आई. पुढच्या खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर असते. डोळे गेलेत, कान मात्र मांजराचे. तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होतो. त्यानंतर माझे डबे तिनं भरले, माझं लग्न तिनं मांडवात उभं राहून लावलं, माझी मुलं तिच्या मांडीवर मोठी झाली. आणि तू लिहिलं आहेस, ‘अक्का, ही स्वयंपाकघरातून हलत नाही. माझ्या हाताची चव घरात कुणाला आठवत नाही आता. काल मी देवापुढं म्हणाले, हिला तरी ने, नाहीतर मला तरी.’ हे वाचलं तेव्हा मी उठून दार लावलं, जणू कागदातून आवाज बाहेर जाईल. तो डबा मी कपाटावर, बॅगांच्या मागं ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथून काढून पलंगाखाली ठेवला. मग पुन्हा कपाटावर.

लपवून उपयोग झाला नाही. डबा माझ्याकडं देण्याआधी मावसभावानं एका चिठ्ठीचा फोटो काढला होता, तो त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला. त्यात बिघडलेल्या कुरडयांखेरीज काही नव्हतं. सगळ्यांनी हात जोडले, कुणी फुलं पाठवली. सकाळी चहाच्या वेळी सूनबाईनं ती कौतुकानं मोठ्यानं वाचली. आत्याचा कप बशीवर वाजला.

“अजून हाईत का?” तिनं विचारलं.

“असतील एखाद-दोन.”

“एखाद-दोन कशानं असतील? म्हैन्याला डबा जायचा.”

त्या दिवसापासून तिनं धोशा लावला. जेवताना, औषध घेताना, नुसती बसलेली असताना. “पेपरवाल्या, सगळ्या जगाच्या आधी मला वाचून दाव.” मी म्हणायचो, अक्षर लागत नाही, चष्मा बदलायचा आहे. तुझं अक्षर न लागायला काय झालं? पाटीवर गिरवल्यासारखं गोल आहे.

तुझं स्वयंपाकघर मला या दिवसांत सारखं दिसतं. तू पाट्यावर कारळं वाटते आहेस, हिरवट काळा वास घरभर आहे. उदगीरमार्गे देगलूरला जाणारी एसटी दुपारी सुटते, कंडक्टर ओळखीचा आहे, डबा त्याच्या हवाली करायचा म्हणून तुझी घाई चालली आहे. मी चौथीत असेन. ओट्यावर उघडा डबा दिसतो, मी आत हात घालतो, बोटं तळापर्यंत जातात. आणि तू मला मारतेस. पाठीत, मग गालावर. तू कधी मारायची नाहीस, म्हणून मी आधी रडायचंही विसरतो. “मावशीच्या डब्याला हात लावायचा नाही,” एवढंच म्हणतेस, आणि डबा पदराआड ओढतेस. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ताटात गरम भाकरी आहे, तिच्यावर चटणी, चटणीत खळगा करून भरपूर तेल. तू काही बोलत नाहीस. चटणीसाठी कुणी एवढं मारतं का, हे कोडं मला कितीतरी वर्षं सुटलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी सूनबाई शाळेत शिकवायला गेली होती. मी डबा घेऊन आत्याजवळ बसलो. ठरवलं होतं, वाचायचं, पण कापून. हे काम माझ्याइतकं कुणाला जमणार? शब्द गाळून वाक्य सरळ करायचं, वाचणाऱ्याला टाका दिसू द्यायचा नाही. मी वाचलं, ‘अक्का, वन्सं फार कष्ट करतात, स्वयंपाकघरातून हलत नाहीत.’

“थांब,” आत्या म्हणाली. “वन्सं? तुझ्या मायनं जन्मात मला वन्सं म्हटलं न्हाई. अन् फार कष्ट करतात म्हनं! कुनाला येड्यात काढून राहिलास? नीट वाच.”

तिचं वय, तिचा रक्तदाब, रात्री काही झालं तर मुलाला काय सांगायचं, सगळं एकदम मनात आलं. पण तिनं तोंड माझ्याकडं वळवलं होतं आणि ती थांबली होती. मग मी वाचलं. जसं होतं तसं. हिला तरी ने, नाहीतर मला तरी.

बराच वेळ ती गोधडीची कड बोटांनी चाचपत राहिली. मी पाणी आणायला उठलो तर म्हणाली, “बस. डबा कोन भरायचं, ठावं हाय का तुला?”

“आई.”

“चटनी तुझी माय करायची. चिठ्ठी तळाला घालायची, वर कागद टाकायची, अन् लुगडं बदलायला आत जायची. भरायचे मी, फडकं मी बांधायचे. पैल्या-पैल्यांदा चिठ्ठी तेलात भिजायची. मग मी तिला बिस्किटाच्या पुड्याचा मेनकागद गुंडाळाया लागले.”

आई, मला वाटत होतं ते तूच करायचीस. सुरुवातीच्या चिठ्ठ्या तेलकट, पिवळ्या पडलेल्या आहेत. नंतरच्यांवर एक डाग नाही, त्या अजून मेणकागदातच आहेत.

“तू कधी वाचल्यास त्या?”

“मला कुठं वाचता येतंय? आन् वाचायचं काय त्यात? दिवसभर तोंड दिसत हुतं की मला तिचं.” मग म्हणाली, “देवाला मीबी तेच म्हनायचे. हिला ने, न्हाईतर मला ने. त्यानं तिचं आधी ऐकलं. मलाबी तिच्याबद्दल लई सांगायचं हुतं रे. मला अक्का न्हवती.”

मी चिठ्ठीची घडी घातली. शेवटी विचारलं, “मग त्या बाईंना काय सांगू? नको म्हणू?”

“दे. पर एक अक्षर खोडायचं न्हाई. मी हाय त्यात. दुसऱ्या कोन्त्या कागदात हाय मी? रेशनकार्डावरबी शेवटाला.” आणि हसली. “लोकं म्हनतील, नणंद लई खट हुती. म्हनू दे. हुतेच.”

शुक्रवारी बाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. एकेक चिठ्ठी उचलून त्यांनी हातरुमालावर ठेवली. डाग कशाचे, विचारलं. कारळ्याच्या चटणीचे, म्हणालो, आणि ते काढू नका. मेणकागद टाकून द्यायचे का, असं त्या विचारत होत्या तर पलंगावरून आत्या ओरडली, “न्हाई! त्ये माझे हाईत.” मी त्यांना मेणकागदांची हकीकत सांगितली, त्यांनी ती लिहून घेतली. आत्यासाठी वाटत होतं ते भय निवलं. तुझ्यापुढचं भय मात्र आहेच. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, हे मला माहीत आहे. तरी मी सही केली.

आणखी एक सांगायचं राहिलं. “एवढ्याच ना?” असं बाईंनी विचारलं तेव्हा मी एवढ्याच म्हणालो. ते खरं नव्हतं. एक चिठ्ठी मी आधीच काढून घेतली होती. तिच्यात आत्या नाही, कुणाची चहाडी नाही. ‘आज लेकराला मारलं, अक्का. त्यानं डब्यात हात घातला, मी भ्याले. रडून झोपलाय. उठल्यावर कोणत्या तोंडानं बोलू?’ खाली नेहमीचंच, वाचून चुलीत टाक. आत्यानं बजावलं होतं एक अक्षर खोडायचं नाही, आणि मी अख्खी चिठ्ठी खिशात घातली. ती मी वाचली आहे, आई. पण टाकली नाही.